सोळाच्या पाढ्यातले अण्णा

अण्णांच्या हातात नवं पुस्तक दिलं तर ते उघडत नाहीत. आधी आडवं धरतात, एक डोळा बारीक करून कण्याकडे बघतात, अंगठ्याने पानांची कड फर्रकन सोडतात आणि सांगतात, "तेरा फर्मे. दोनशे आठ पानं. कागद सत्तर जीएसएमचा सांगितला असेल, घातलाय साठचा." मग मागची बाजू बघतात. आयएसबीएनचे आकडे ओठातल्या ओठात पुटपुटतात. पहिल्याला एकने गुणायचं, दुसऱ्याला तीनने, पुन्हा एकने, पुन्हा तीनने, आणि शेवटी बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. तेरावा आकडा त्यासाठीच असतो. हिशेब जुळला की मान हलवतात. एवढं होईतो चहा आलेला असतो, त्यामुळे पुस्तक कुणी लिहिलंय हे बघायचं राहून जातं.

शीव कोळीवाड्यात, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्यावर त्यांची खोली आहे. त्या स्टेशनला सगळी हार्बर लाइन जीटीबी नगर म्हणते. अण्णा अजून 'कोळीवाडा स्टेशन'च म्हणतात आणि त्यावरून टॅक्सीवाल्यांशी भांडतात. दारावर पाटी आहे : 'मराठी-हिंदी-इंग्रजी अक्षरजुळणी. पुस्तकाची छपाईयोग्य फाइल करून मिळेल.' खाली बारीक टाइपात : 'कृपया मजकूर पूर्ण झाल्यावरच यावे.' ही दुसरी ओळ पाळणारा लेखक अजून जन्माला यायचा आहे.

अण्णा मूळचे छपाईच्या खिळ्यांचे. गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून लागले तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या केसमध्ये, आणि जुळवलेला मजकूर उलटा वाचायची सवय. ती अंगात इतकी मुरली की हॉटेलात बसल्यावर काचेवरची पाटी आतून उलटी दिसते, तीच ते आधी वाचतात आणि तिच्यातला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ मालकाला उठून सांगतात. देवनागरीचे खिळे म्हणजे शेकड्यांनी. जोडाक्षरं वेगळी, अर्धी वेगळी, काने-मात्रा-रफार वेगळे. शीवच्या इस्पितळाला ज्या लोकमान्यांचं नाव आहे त्यांनी हे खिळे कमी करायचा केवढा खटाटोप केला होता, हे अण्णा इस्पितळाचा रस्ता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. डबा घेऊन पेशंटकडे निघालेल्या माणसाला त्यात रस का नसतो, हे त्यांना कळत नाही.

त्यांची दैवतं दोन. एक जावजी दादाजी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागलेला हा माणूस १८६९ साली स्वतःचा निर्णयसागर छापखाना काढतो आणि त्याच्या टाइपातली संस्कृत पुस्तकं देशभरचे पंडित वाचतात, ही गोष्ट सांगताना अण्णा खुर्चीतून अर्धे उठतात. दुसरे गणपत कृष्णाजी, १८३१ साली मराठी पंचांग छापणारे. सोवळ्यातल्या माणसालाही छापील पंचांगाला हात लावता यावा म्हणून त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरलं, असं सांगतात. या आख्यायिकेचा अण्णा रोज उपयोग करतात. अर्धवट मजकूर घेऊन आलेल्या लेखकाला म्हणतात, "त्या माणसाने शाईत तूप घातलं हो. तुम्ही फाइलीत पाणी घालता."

खिळे वजनावर भंगारात गेले आणि अण्णा पेजमेकरवर आले. त्यांच्याकडे आज दोन संगणक आहेत. नव्यावर इनडिझाइन आहे, ते सूनबाई चालवतात. जुन्यावर पेजमेकरची २००१ची आवृत्ती आहे. त्यानंतर कंपनीने नवी काढली नाही, म्हणजे यात सुधारणेला जागा उरली नाही, असा अण्णांचा निष्कर्ष. जुन्या संगणकाला ते इंटरनेट लावू देत नाहीत. "त्याला बाहेरचं सोसत नाही," म्हणतात. आत शंभरावर पुस्तकं श्रीलिपीत आणि आयएसएममध्ये पडून आहेत. ती दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात. मग लेखक घाबरून येतात, आणि अण्णा तोंडात दुखरा दात असल्यासारखा चेहरा करून 'कन्व्हर्ट करावं लागेल' म्हणतात.

एवढी पुस्तकं हाताखालून गेली, पण अण्णांनी त्यातलं एकही वाचलेलं नाही. हे ते अभिमानाने सांगतात. "वाचायला लागलं की चुका दिसत नाहीत. अर्थ आडवा येतो." अर्थाला ते गिऱ्हाइकाची खासगी बाब समजतात. कुणी सात-बारा झेरॉक्सला आणला तर आपण त्याच्या जमिनीची चौकशी करतो का?

तरी त्यांना लेखक कळतात. वाक्यांवरून नाही, स्पेसबारवरून. शीर्षक मधोमध आणायला एकवीस वेळा स्पेसबार दाबणारा माणूस सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला असतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारणारा पूर्वी टाइपरायटरवर होता. त्याच्या कानात अजून ती घंटी वाजते. उद्गारचिन्हं तीन-तीन देणारा कवी. आणि पूर्णविरामाआधी जागा सोडून मग पूर्णविराम देणारा, म्हणजे तो ओळीच्या टोकाला एकटाच खाली घसरतो, असा माणूस अण्णांच्या मते घरातही कुणाचं ऐकत नसणार.

हल्ली मजकूर मोबाइलवर बोलून येतो. एका डॉक्टरांनी आपल्या आठवणी अशा बोलून लिहिल्या. ते बोलताना विरामचिन्हंही शिस्तीत सांगत होते आणि मोबाइल तीही तितक्याच शिस्तीत अक्षरात लिहीत होता. 'मी मुंबईला आलो स्वल्पविराम खिशात दहा रुपये होते पूर्णविराम.' सूनबाईंनी सगळे काढून चिन्हं घातली. फक्त एका ठिकाणी त्या थांबल्या. तिथे लिहिलं होतं, 'आणि त्याच रात्री आई गेली पूर्णविराम.' त्यांनी सासऱ्यांना विचारलं. अण्णांनी ओळ बघितली, वाचली नाही असं ते म्हणतात, आणि "तो राहू दे, ओळ छान भरते आहे," एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी प्रुफात तो पाहिला आणि काढायला सांगितला नाही.

संगणकाने दिलेल्या सगळ्या सोयींत अण्णांना सर्वांत धोक्याची वाटते ती 'रिप्लेस ऑल'. एका कादंबरीकाराने छापायला देण्याच्या आदल्या रात्री नायकाचं नाव राम बदलून श्याम केलं. एका बटणात. सकाळी फाइल आली. पहिल्याच पानावर श्याम आश्यामखुर्चीत बसला होता. पुढे तो ग्श्यामपंचायतीची निवडणूक लढवून दोन किलोग्श्याम पेढे वाटत होता. गावकरी त्याला 'श्यामश्याम पाटील' करत होते. कादंबरीकार म्हणाले, मग उलट करा, श्यामचा राम करा. अण्णांनी हात जोडले. नायकाची बायको श्यामला होती.

शुद्धलेखनाबद्दल अण्णांचं मत साहित्य महामंडळाने ऐकलं असतं तर १९६२ सालच्या नियमांची गरजच पडली नसती. त्यांचा नियम एकच : जे काय करायचं ते सगळीकडे सारखं करा. 'इथे पाणि ऱ्हस्व आहे' असं मी त्यांना एकदा दाखवलं, कारण त्यांच्याकडची प्रुफं अधूनमधून मी तपासतो. त्यांनी शोध लावून पाहिला. पुस्तकभर पाणि ऱ्हस्वच होतं. म्हणाले, "एका ठिकाणी असती तर चूक. सगळीकडे आहे म्हणजे शैली." मी तरी ते दीर्घ केलं. अण्णांनी चेहऱ्यावर असं काही आणलं की जणू मी लेखकाचा गळाच दाबला होता.

या माणसाच्या खोलीत नाखवा आले.

नाखवा इथल्याच कोळीवाड्यातले, पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त, वयाने अण्णांपेक्षा मोठे. कोळीवाड्याच्या आठवणींचं पुस्तक त्यांनी पुरं केलं होतं. खाडी, मिठागरं, शीवचा किल्ला, फाळणीनंतर इथे वसवलेले पंजाबी निर्वासित आणि त्यांनी तळायला घेतलेली ती कोळंबी. या शेवटच्या मुद्द्यावर नाखवांचा राग विशेष. कोळंबी आमची, गावाचं नाव आमचं, आणि देशभरच्या मेनूकार्डांवर 'कोळीवाडा' म्हणून जे छापतात त्यात बेसन पंजाब्यांचं! अण्णांनी अशी मेनूकार्डं पुष्कळ केलेली होती. पण त्यांनी पदार्थ बघितलेला नव्हता, भाव एका रेषेत आलेत का एवढंच बघितलं होतं.

पुस्तक नाखवांच्या पुतण्याने जुन्या फॉन्टात टाइप केलं होतं. ते युनिकोडमध्ये नेलं आणि पहिलं प्रूफ नाखवांच्या हातात पडलं. नाखवा चष्मा चढवून वाचू लागले आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज चढला.

"अण्णा! आमचे दर्याला डोंगरान कवा नेलास?"

कन्व्हर्टरने 'दर्या'चा 'दऱ्या' केला होता. रफार होता तिथे सगळीकडे अर्धचंद्रासारखा र. त्यामुळे नारळी पौर्णिमेला कोळी लोक दऱ्याला नारळ वाहत होते, दऱ्या खवळत होता आणि दऱ्याच्या भरवशावर संसार चालत होते. मी म्हटलं, सोपं आहे, सगळे ऱ्या उलटे फिरवा. अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मग किनाऱ्याचं काय? वाऱ्याचं काय? साऱ्या होऱ्या कुठे जातील?" खरंच होतं. तिथे तोच र हवा होता. मग अण्णा खुर्ची ओढून बसले आणि एकेक 'दऱ्या' डोळ्याने टिपून काढू लागले. मजकूर वाचत नव्हते. अक्षराचा आकार दिसला की बोट टेकवायचे आणि सूनबाई तो बदलायच्या. संध्याकाळी बाहेर तळणाचा वास सुटला तेव्हा दर्या आपल्या जागेवर आला होता. नाखवांच्या 'होरी'ला मात्र त्यांनी हात लावला नाही. मी 'होडी' सुचवलं होतं. "पुस्तकभर होरी आहे," अण्णा म्हणाले, आणि मी गप्प बसलो.

खरी गंमत सातव्या प्रकरणाशी झाली. अण्णा ते स्क्रीनवर वरखाली सरकवत होते. अचानक म्हणाले, "नाखवा, हे तुम्ही लिहिलेलं नाही."

नाखवा चपापले. "कशावरून?"

"तुम्ही स्वल्पविरामाआधी जागा सोडता. सहा प्रकरणं काढून काढून सूनबाईंची बोटं झिजली. इथे एक नाही. तुमची अवतरणचिन्हं सरळ, इथली वळलेली. तुम्ही 'आणि' म्हणता, हा माणूस 'व' म्हणतो. आणि हा परिच्छेद टॅब मारून सुरू करतो. मास्तर असणार."

प्रकरण पुतण्याचं होतं. पुतण्या कॉलेजात शिकवतो. काकांनी 'इतिहासाचं तेवढं तू बघ' म्हणून त्याच्यावर सोपवलं होतं. नाखवांनी मान्य केलं आणि मग कुतूहलाने विचारलं, "पण लिवलंय कसा?" अण्णा म्हणाले, "ते मला काय विचारता? मी वाचलं नाही." पुतण्याचं नाव मग अनुक्रमणिकेत त्या प्रकरणासमोर घातलं गेलं. एखाद्या समीक्षकाने ते पकडलं असतं तर वाद झाला असता. अण्णांनी पकडलं म्हणून फक्त एक ओळ वाढली.

ओळी वाढण्यावरूनच पुढचं महाभारत झालं. सगळं लागलं आणि पानं भरली दोनशे अकरा.

डेमी कागदाच्या एका तावावर पुढून आठ आणि मागून आठ अशी सोळा पानं बसतात. त्याचा एक फर्मा. ताव घडी घालून फर्मे एकावर एक ठेवतात आणि शिवतात. तेव्हा मराठी साहित्य कितीही उत्तुंग असलं तरी शेवटी त्याला सोळाच्या पाढ्यात यावं लागतं, फार तर आठच्या. तेरा सोळं दोनशे आठ. नाखवांची तीन पानं उघड्यावर.

"अण्णा, तू मना सांग, तीन पानांनी काय बिघरतंय?"

"अर्धा फर्मा वाढतो. कागद, प्लेट, बाइंडिंग. आणि तीन पानांसाठी पाच कोरी सोडायची. कोरी पानंच विकायची तर वह्या काढा."

नाखवांनी टाइप बारीक करायला सांगितलं. अण्णा म्हणाले, तुमचे वाचक चाळिशीपुढचे, चष्म्याला चष्मा लावतील. प्रकरणं जिथे संपतात तिथेच पुढची सुरू करा, असं मी सुचवलं. प्रकरण उजव्या पानावर उघडतं, डाव्यावर नाही, हे सांगताना अण्णांचा आवाज असा झाला की मी पुन्हा तो विषय काढला नाही. पुतण्याचं प्रकरण काढून टाकू, असं नाखवा उदार होऊन म्हणाले. अण्णांनी तोंडी हिशेब केला. "चौदा पानांचं आहे. राहिली एकशे सत्त्याण्णव. मग अकरा पानं कोरी."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णांनी पुस्तकाच्या सुरुवातीला जाऊन तीन पानं निवडली. ऋणनिर्देश. त्यात नाखवांचे सगळे भाऊबंद, मामा-मावश्या, सोयरे, होरीवरचे जुने खलाशी, एका व्याह्याचे शेजारी आणि इस्पितळातल्या दोन नर्सबाई होत्या.

"नाखवा, ऋण फेडून टाका. निर्देश नको."

नाखवा दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "काप."

मुखपृष्ठ पुतण्याने स्वतः करून आणलं. समुद्राचा फोटो, अगदी पानाच्या कडेपर्यंत बेतलेला. अण्णांनी तो परत पाठवला. छापल्यावर पुस्तक कापतात, सुरी केसभर इकडे-तिकडे झाली तर कडेला पांढरी रेघ दिसते, म्हणून चित्र चारी बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर लागतं. "दर्या कडेशी थांबवू नका," हे अण्णांचं बहुधा एकमेव वाङ्मयीन वाक्य, आणि तेही त्यांनी छपाईबद्दलच म्हटलेलं. आतले फोटो व्हॉट्सॲपवर आले होते. तेही परत गेले. मूळ फोटो आणा, तीनशे डीपीआय पाहिजे. नाखवांनी घरातून लग्नाची आख्खी आल्बमं पिशवीत घालून आणली.

शेवटी पीडीएफ निघाली. फॉन्ट आत बसलेत की नाही, काळा मजकूर फक्त काळ्या शाईत आहे की चुकून चारही रंगांत गेलाय, कापायच्या खुणा जागेवर आहेत का, कण्याची रुंदी कागदाच्या जाडीशी जुळते का, हे सगळं अण्णांनी सूनबाईंकडून दोनदा तपासून घेतलं. फाइलीच्या नावात 'फायनल' हा शब्द ते कधीच घालू देत नाहीत, अपशकून होतो म्हणून. तारीख घालतात. फाइल छापखान्याला पाठवली, मग फोन करून पोहोचल्याची खात्री केली, मग पुन्हा फोन करून उघडली का विचारलं. मग चपला घालून बाहेर गेले आणि एकटेच जाऊन चहा पिऊन आले.

प्रकाशन नारळी पौर्णिमेच्या सुमाराला कोळीवाड्यातल्याच हॉलमध्ये झालं. पाचशे प्रती काढल्या होत्या. नाखवांच्या गोतावळ्यात पुस्तकात आपलं नाव आल्याची बातमी वर्षभर आधीच गेलेली होती. जो तो आपलं नाव शोधायला एक प्रत विकत घेत होता. मावशीने दोन घेतल्या. तासाभरात टेबल रिकामं झालं आणि पुढच्या तासाभरात हॉलमध्ये जे वातावरण झालं त्याचं वर्णन नाखवा करत नाहीत. व्याही जेवायला थांबले नाहीत.

आठवड्याने नाखवा अण्णांच्या दारात उभे. हातात तेच तीन कागद, त्यात आणखी चार नावं वाढलेली.

"दुसरी आवृत्ती काढायची. ही पानं घालूनच."

"मग दोनशे सोळा. अर्धा फर्मा वाढला," अण्णा म्हणाले. "तीन ही, पाच रिकामी. पाच पानांत काय घालणार?"

नाखवा विचार करून म्हणाले, "तुज्यावर लिवतंय, अण्णा. या पुस्तकाचा तूच तर सगला केलास."

अण्णा पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. कान लाल झालेले दिसत होते. मग त्यांनी पट्टी घेतली आणि कागदावर काहीतरी मोजलं.

"माझ्यावर पाच पानं भरायची नाहीत," ते म्हणाले. "चौदाचा टाइप घेऊ. ओळींत जरा जास्त हवा सोडू. मधे एक फोटो टाकला तर येतील. पण फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही."